हुकूमशाहीविरुद्ध बोलायचं, तर नेमकं काय बोलायचं? (संशोधन आणि तुमचे अनुभव)

मृण्मयी_करवीर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. दिवाळीनंतर मुलांसाठी कार्यशाळा घ्यायची आहे. विषय असा: एकाधिकारशाहीविरुद्ध केलेला प्रचार लोकांपर्यंत कधी पोचतो, कधी नाही, आणि अभ्यासकांनी त्यात काय शोधलंय.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाद घालायला बरं. "हा हुकूमशहा आहे, लोकशाही धोक्यात आहे" असं ओरडून काठावरचा माणूस हलत नाही. ज्याला ते पटतं तो आधीच आपल्या बाजूला असतो. काठावरच्याला उद्याचा दिवस कसा असेल ते सांगावं लागतं.

माझं आवडतं उदाहरण चिलीचं. १९७३ च्या लष्करी उठावापासून जनरल पिनोशेची सत्ता. १९८८ मध्ये सार्वमत आलं: त्याला आणखी आठ वर्षं द्यायची, हो की नाही? मतदानाआधी २७ दिवस रोज रात्री टीव्हीवर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली. विरोधकांत अनेकांना वाटत होतं, इतक्या वर्षांनी पडदा मिळालाय तर छळ, खून, बेपत्ता माणसं हेच दाखवायचं. प्रचार करणाऱ्यांनी निवडलं इंद्रधनुष्य आणि "आनंद येतोय" हे घोषवाक्य. ५ ऑक्टोबरला 'नाही'ला सुमारे ५६ टक्के मतं पडली.

आता तुमचे अनुभव हवेत. आणीबाणी पाहिलेली माणसं इथं आहेत, आंदोलनात उतरलेली आहेत. हा संदेश कसा असावा असं तुम्हाला वाटतं? एक विनंती, आजच्या पक्षांची नावं घेऊन भांडण नको.

सागर_इचल:
वाचतोय. चांगला विषय.

निवृत्त_मास्तर:
मृण्मयीताई, चिलीचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्या आनंदाच्या प्रचारात दुःखही होतं. चिलीत क्वेका नावाचा जोडीनं नाचायचा लोकनाच आहे. बेपत्ता केलेल्या माणसांच्या घरच्या बायका त्या पंधरा मिनिटांत पडद्यावर आल्या आणि तो नाच एकट्यानं नाचल्या. समोरची जागा रिकामी. कुणी शिवी दिली नाही, कुणी 'खुनी' म्हटलं नाही. त्यामुळं "भय नको, आशा हवी" असं सरळ वाटून टाकू नका. छळाची गोष्ट त्यांनी सांगितली, फक्त ऐकणाऱ्याला घरातल्या घरात पेलेल अशी सांगितली.

मृण्मयी_करवीर:
मास्तर, मान्य, आणि हे मी कार्यशाळेत नक्की दाखवणार. पण यानं माझा मुद्दा बळकटच होतो असं मला वाटतं. त्या बायकांनी बघणाऱ्याकडं राग मागितला नाही, सोबत मागितली.

पेठेतला_गडी:
ताई, चिली लांब राहिलं, आपलं टोलचं बघा की. रस्ते झाले आणि नाक्यावर पैसे मागायला लागले तवा कोल्हापूर कसं पेटलं होतं! सगळे पक्ष एका मांडवात. पुढं एन. डी. पाटील सर. वय झालेलं, तब्येत साथ देत न्हवती, तरी माणूस रस्त्यावर. कुणी कराराची कलमं वाचून दाखवली न्हाईत. "टोल देणार नाही", संपला विषय. आमच्या तालमीतली पोरं, भाजी विकणारी मावशी, वकील, रिक्षावाले, सगळ्यांच्या तोंडात तेच. वर्सानुवर्सं चाललं आणि २०१५ च्या शेवटी टोल गेला. आता सांगा, ह्यात आशा हुती का भीती? दोन्ही न्हवतं. ह्यात नकार हुता.

सागर_इचल:
पेठेतल्या गड्याला +१. नाद खुळा आंदोलन होतं ते.

वैशाली_पुणे:
मूळची कोल्हापूरचीच, त्यामुळं टोल आंदोलनाबद्दल आदर आहेच. पण दादा, ती हुकूमशाही नव्हती. सरकार निवडून आलेलं होतं, पुन्हा मतं मागायला येणार होतं, वर्तमानपत्रं रोज पहिल्या पानावर छापत होती. धाग्याचा प्रश्न वेगळा आहे: जिथं बोललं की नोकरी जाते किंवा माणूस उचलला जातो, तिथं काय बोलायचं? तिथं नकार देणारा एकटा पडतो.

पेठेतला_गडी:
वैशालीताई, एकटा पडतो हे बरोबर. पण नाक्यावर पयल्या दिवशी गाडी आडवी लावणारा पण एकटाच असतोय की. मागनं दुसरी गाडी लागली की मग जीव येतो.

निवृत्त_मास्तर:
गडी बोलला ते तिमुर कुरान नावाच्या अभ्यासकानं १९८९ च्या पूर्व युरोपावर लिहिलंय. माणसाच्या मनात एक असतं आणि चारचौघांत तो दुसरं बोलतो. सगळेच तसं करतात, म्हणून प्रत्येकाला वाटतं की राजवटीला आपण सोडून बाकी सगळ्यांचा पाठिंबा आहे. हा गैरसमज फुटला की काल भक्कम दिसणारी सत्ता आज कोसळते, आणि खुद्द विरोधकांनाही आश्चर्य वाटतं. पूर्व जर्मनीत, चेकोस्लोव्हाकियात तसंच झालं.

आता आपल्याकडचं सांगतो. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. आणीबाणी लागून सहा महिने झालेले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री मांडवात हजर. दुर्गाबाईंनी लोकांना उभं राहून जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. माझे वडील त्या मांडवात होते. ते सांगायचे, "उठताना मी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. दोन्हीकडची माणसं उठत होती." प्रार्थनेचे शब्द त्यांना आठवत नव्हते. शेजारचा उठला, हे जन्मभर आठवलं.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मजकूर आशेचा की भयाचा हे नंतर बघू. काठावरच्या माणसाला दिसलं पाहिजे की शेजारचा उठतोय.

रुचिरा_७८:
मास्तर, अंगावर काटा आला. पुढं दुर्गाबाईंना अटकही झाली होती ना?

निवृत्त_मास्तर:
हो, झाली.

अभिजित_डेटा:
मी मूळचा जयसिंगपूरचा, सध्या हैदराबादला आकडेवारीचं काम करतो. "शेजारचा उठतोय हे दाखवा" ही कल्पना मलाही आवडते, पण एक प्रयोग तिच्या विरोधात जातो. हाँगकाँगला लोकशाहीच्या मागणीसाठी निघणाऱ्या १ जुलै २०१६ च्या मोर्चाआधी तिथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्यातले किती जण जातील असं वाटतं? मग काहींना खरा आकडा सांगितला. ज्यांना कळलं की आपल्या अंदाजापेक्षा जास्त जण जाणार आहेत, त्यांचं जाण्याचं प्रमाण घटलं. एवढे जातायत ना, मग माझ्यावाचून काय अडतंय, असा हिशेब. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, कॅन्टोनी, यांग, युक्टमन आणि झांग यांचं.

म्हणजे "लाखो लोक आपल्यासोबत आहेत" अशी जाहिरात करणारा आपल्याच माणसाला घरी बसवत असेल, हेही शक्य आहे.

मृण्मयी_करवीर:
अभिजित, हे माझ्या वाचनात आहे, आणि कार्यशाळेत अडचण होणार ती इथंच. पण तो मोर्चा दर वर्षी निघणारा होता, तेव्हा त्याला परवानगी असायची. तिथं धोका कमी, म्हणून गर्दीचा आधार लागत नाही. जिथं उठणाऱ्याला पकडतात तिथं गर्दी म्हणजे संरक्षण. दोन्हीकडं एकच नियम लागू होईल असं मला वाटत नाही.

अभिजित_डेटा:
शक्य आहे. पण मग "संशोधन सांगतं" असं म्हणताना आधी सांगावं लागेल, कुठलं गाव आणि कुठला दिवस.

कळंबा_तलाव:
३.५ टक्के लोक रस्त्यावर आले की हुकूमशाही पडतेच, असं सिद्ध झालंय ना? मग संदेशाची एवढी चर्चा कशाला? माणसं मोजा आणि काढा बाहेर.

वैशाली_पुणे:
@कळंबा_तलाव, 'पडतेच' नाही हो. एरिका चेनोवेथ आणि मरिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमा सुमारे ५३ टक्के वेळा यशस्वी झाल्या, सशस्त्र सुमारे २६ टक्के. त्याच माहितीतून चेनोवेथनी नंतर ३.५ टक्क्यांचं निरीक्षण मांडलं, आणि पुढं अपवादही त्यांनीच दाखवले: १९६२ चं ब्रुनेई, २०११ चं बहरीन. ते मागं वळून केलेलं निरीक्षण आहे, भविष्याची हमी नव्हे. शिवाय एवढी माणसं बाहेर आली म्हणजे त्याच्या मागं घरात बसून पाठिंबा देणारी कितीतरी असणार. ती कशी तयार झाली, हाच तर धागा आहे.

अभिजित_डेटा:
याच आकड्याची दुसरी गंमत. ग्रॅहम आणि स्वोलिक यांनी अमेरिकेत मतदारांवर प्रयोग केला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आवडीचा उमेदवार लोकशाहीविरोधी वागला, तर त्याला शिक्षा म्हणून मत बदलणारे किती? तेही जेमतेम साडेतीन टक्के. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दुसरा आकडा मृण्मयीताईंच्या बाजूनं बोलतो. "लोकशाही वाचवा" एवढ्यावर पक्षाची माणसं पक्ष सोडत नाहीत.

भाई_शाहूपुरी:
थोडं कडक बोलतो. ही सगळी चर्चा जाहिरात कंपनीच्या बैठकीसारखी चाललीय. इंद्रधनुष्य काढलं म्हणून पिनोशे गेला? त्याआधी लोकांनी गावोगाव फिरून मतदारनोंदणी केली. तुरुंगाची भीती असताना दारोदार जाऊन "नाव नोंदवा" म्हणणं हे खरं काम. मतदानाच्या रात्री विरोधकांनी स्वतःची समांतर मोजणी केली, म्हणून सरकारला आकडे फिरवणं अवघड गेलं. टीव्हीचा परिणाम गोन्सालेस आणि प्रेम या अर्थशास्त्रज्ञांनी मोजलाय. परिणाम खरा आहे, पण थोडक्या टक्क्यांचा. हार-जितीतलं अंतर बारा टक्क्यांच्या आसपास होतं.

आणि आपल्याकडची १९७७ ची लोकसभा निवडणूक बघा. संदेश देशभर एकच: लोकशाही की हुकूमशाही. उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी शून्य जागा, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. आंध्रात ४२ पैकी ४१. संदेश बदलला नव्हता, लोकांचा अनुभव वेगळा होता. उत्तरेत नसबंदीची सक्ती घराघरात पोचली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. तिथं हुकूमशाही म्हणजे काय हे भाषणातून सांगायची गरजच पडली नाही.

रुचिरा_७८:
भाई, पण सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. तरी इथं काँग्रेसला २० जागा मिळाल्याच.

भाई_शाहूपुरी:
रुचिराताई, बरोबर. आणि उरलेल्या २८ कुणाला, तेही बघा: जनता १९, शेकाप ५, मार्क्सवादी ३, रिपब्लिकन १. कोल्हापुरातून शेकापचे दाजीबा देसाई गेले. इथं लढायला गावात कार्यकर्ता होता. माधवराव बागलांच्या प्रजापरिषदेपासून संस्थानी राजवटीविरुद्ध बोलायची सवय या जिल्ह्याला आहे. संदेश ऐकू येतो तो ओळखीच्या तोंडातून. संघटना नसेल तर उत्तम घोषवाक्य भिंतीवर राहतं.

पेठेतला_गडी:
भाई, हे मात्र खरं बोललासा. तालमीचा अध्यक्ष सांगतोय म्हटल्यावर पोरं येत्यात. तेच मोबाईलवर आलं तर कोण बघतंय?

धागा_व्यवस्थापक:
मधले चार प्रतिसाद काढले आहेत. धागाकर्तीची विनंती पुन्हा वाचावी.

सायली_के:
मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक शंका. ही सगळी उदाहरणं उघड दडपशाहीची आहेत. गुरिएव्ह आणि ट्रिझमन यांनी दाखवलंय की आताचे बरेच एकाधिकारशहा भीतीपेक्षा माहितीवर ताबा ठेवून राज्य करतात. निवडणुका होतात, थोडी वर्तमानपत्रंही चालतात, आणि नेता कार्यक्षम आहे असं लोकांना मनापासून वाटतं. तिथं "हुकूमशहा" म्हटलं तर ऐकणारा म्हणतो, कुठाय? मला तर कुणी पकडलं नाही.

चीनमध्ये तर आणखी वेगळं. किंग, पॅन आणि रॉबर्ट्स यांनी २०१३ मध्ये दाखवलं की सरकारवरची टीका तिथं बरीच राहू देतात. पुसतात ते लोकांना एकत्र आणू शकेल असं लिखाण. नंतर २०१७ मध्ये त्यांनीच अंदाज दिला की सरकारी माणसं वर्षाला सुमारे ४४.८ कोटी खोट्या टिप्पण्या टाकतात, आणि त्या वाद घालत नाहीत. देशाचं कौतुक करतात, विषय बदलतात.

समोरचा वादच घालत नसेल, तर आपण मुद्दे कितीही चांगले मांडले तरी ते कुणाला भिडणार?

मृण्मयी_करवीर:
सायली, सगळ्या धाग्यात मला हा प्रतिसाद सर्वात कामाचा वाटला. आणि यातून एक गोष्ट उलट्या बाजूनं कळते. सत्तेला कशाची भीती वाटते? टीकेची कमी, एकत्र येण्याची जास्त. मग संदेशानंही तिकडंच जायला हवं.

सर्बियाचं उदाहरण आठवतं. 'ओतपोर' ही विद्यार्थ्यांची संघटना, १९९८ ची. बेलग्रेडच्या भर बाजारात त्यांनी एक पिंप ठेवलं, त्यावर तिथला सत्ताधीश मिलोशेविचचं चित्र. बाजूला दांडकं. नाणं टाका आणि एक फटका मारा. मुलं स्वतः बाजूला जाऊन उभी राहिली. खरेदीला आलेली माणसं रांग लावून पिंप बडवायला लागली. पोलिस आले, पकडायला कुणी सापडेना, शेवटी पिंपच उचलून नेलं आणि त्याचे फोटो छापून आले. पिंप राहू दिलं असतं तर गर्दी वाढली असती, नेलं तर हसू झालं. मास्तरांनी सांगितलेलं उठून उभं राहणं आणि हा फटका, दोन्हीत मला एकच दिसतं: माणसाला करायला काहीतरी छोटं मिळालं, आणि करताना इतरांनी पाहिलं.

२००० च्या निवडणुकीत त्यांच्या दोन मोहिमा शेजारी शेजारी चालल्या. एक त्याच्या विरोधातली, "त्याचं संपलं". दुसरी मतदानाला बाहेर काढणारी, "वेळ आली". राग आणि आशा अशी निवड त्यांनी केलीच नाही.

भाई_शाहूपुरी:
ओतपोरला अमेरिकेचा पैसा होता, हेही मुलांना सांगा. नाहीतर अर्धं चित्र होईल.

मृण्मयी_करवीर:
सांगणारच, भाई. आणि 'परकीय हस्तक' हा शिक्का सरकारनं मारला तरी बाजारातल्या माणसानं तो का मानला नाही, यावरही बोलायचंय. मुलं त्यांच्याच गल्लीतली होती.

अभिजित_डेटा:
आता माझा शेवटचा काटा. ताई, तुम्ही म्हणता उद्याच्या दिवसाबद्दल बोला. तुर्कस्तानात दोन्ही झालंय. २०१९ ला इस्तंबूलच्या महापौरपदासाठी विरोधी पक्षाचे इमामोग्लू उभे होते. त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना दिलेल्या पुस्तिकेत सूचना होती: (राष्ट्राध्यक्ष) एर्दोआनकडं दुर्लक्ष करा, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम करा. मार्चमध्ये सुमारे १३ हजार मतांनी जिंकले, निवडणूक रद्द केली, जूनमध्ये पुन्हा घेतली तर सुमारे ८ लाखांनी जिंकले. तुमचा मुद्दा सिद्ध.

पण २०२३ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी विरोधकांचे उमेदवार किलिचदारोग्लू स्वयंपाकघरात उभे राहून कांदा हातात धरून महागाईवर बोलले. कांद्यावर! आपल्याकडं सरकारं हलतात त्यानं. तरी दुसऱ्या फेरीत ५२ विरुद्ध ४८ असे हरले. आणि मार्च २०२५ मध्ये इमामोग्लूंना अटक झाली. संदेश जिंकला, माणूस तुरुंगात.

कळंबा_तलाव:
मग करायचं काय? एवढं वाचून माझा गोंधळ वाढला.

वैशाली_पुणे:
अभिजित, २०२३ च्या दोन फेऱ्यांच्या मध्ये किलिचदारोग्लूंचा सूर बदलला होता. प्रेमाची भाषा सोडून निर्वासितांविरुद्ध कडक बोलायला लागले. त्यामुळं ते उदाहरण फक्त कांद्याचं राहत नाही. पण अटकेचा मुद्दा तुमचा खरा आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

सागर_इचल:
आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावरच्या कामगाराला तुम्ही "संस्था वाचवा" म्हणालात तर तो बघतच राहील. पण "मजुरी का वाढत नाही हे छापायला पेपर का घाबरतोय" असं विचारलंत तर तो खुर्ची ओढून बसेल. एवढंच सांगायचं होतं.

मृण्मयी_करवीर:
सागर, हे वाक्य जसंच्या तसं घेऊ का कार्यशाळेत?

सागर_इचल:
घ्या की ताई.

निवृत्त_मास्तर:
मूळ प्रश्नाकडं येतो. आपण सगळे काठावरच्या मतदाराबद्दल बोललो. संदेश ऐकणारा आणखी एक असतो, तो सत्तेच्या आत बसलेला. चिलीत मतदानाच्या रात्री सरकार निकाल जाहीर करायला वेळ लावत होतं. मध्यरात्र उलटल्यावर लष्करी मंडळातले हवाई दलाचे प्रमुख मातेई राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात बैठकीला आले आणि दारातच पत्रकारांना सांगून गेले की 'नाही' जिंकलंय असं दिसतंय. पिनोशे आत होता, त्याच्याशी बोलणं व्हायच्या आधीच हे बाहेर गेलं. भाईंची समांतर मोजणी नसती तर मातेईंवर तसा दाबही आला नसता. पण "आम्ही सूड घ्यायला आलो नाही" असं २७ रात्री सांगणारा प्रचार नसता, तर गणवेशातल्या माणसाला ते वाक्य बोलायला जागा मिळाली असती का? मला वाटतं, नसती मिळाली.

भाई_शाहूपुरी:
मास्तर, हे पटलं. संघटना पहिली, हे मी सोडत नाही. पण भाषा अशी हवी की पलीकडच्याला इकडं यायची वाट राहील.

मृण्मयी_करवीर:
मग कार्यशाळेची मांडणी बदलते. "आशा की भय" हे सत्र काढून टाकते. त्याऐवजी मुलांचे गट करीन आणि प्रत्येक गटाला एक ऐकणारा देईन: दुकानदार, यंत्रमाग कामगार, पोलिसाची बायको, सरकारी कारकून, राजवटीचा कट्टर समर्थक. त्या माणसाला काय ऐकवायचं, कुणाच्या तोंडून, आणि ऐकल्यावर त्यानं कुठलं छोटं काम करायचं, हे गटानं ठरवायचं. हाँगकाँगचा प्रयोग अभिजितनं ऑनलाइन येऊन मांडावा. सायली, चीनचं तू. मास्तर, कऱ्हाडचं तुम्हीच सांगायचं, माझ्या तोंडून ते नको.

निवृत्त_मास्तर:
येतो. गुडघे साथ देत नाहीत, वर्ग तळमजल्यावर ठेवा.

पेठेतला_गडी:
मास्तरांस्नी मी गाडीवरनं आणतो. आणि ताई, पोलिसाची बायको ह्या गटात मला घ्या. माझी भन दिलीया पोलिसात, तिला काय ऐकू जातं आन् काय न्हाई, ते मला ठावं हाय.